रुबिडियमच्या सेलमधून बोल्ट्झमन: प्रोजेक्टच्या नोंदी

१८ जून, मंगळवार

एकदाचा विषय फायनल झाला. मॅडमनी सांगितलं तेव्हा आधी वाटलं मस्करी करतायत, म्हणे बोल्ट्झमनचा स्थिरांक, म्हणजे तापमान आणि अणूंची ऊर्जा जोडणारा आकडा, लेझरने मोजायचा. सामान बघितलं तर अगदीच थोडं: रुबिडियमची वाफ भरलेला साडेसात सेंटीमीटरचा काचेचा सेल, त्यातून ७८० नॅनोमीटरचा लेझर, पलीकडे प्रकाश मोजणारा फोटोडायोड.

आयडिया अशी. रुबिडियमचा अणू स्वतः फार काटेकोर, त्याची ही रेघ, म्हणजे तो शोषतो त्या रंगाचा पट्टा, जेमतेम ६ मेगाहर्ट्झ रुंद. पण सेलमधले अणू सेकंदाला सरासरी पावणेतीनशे मीटरने सैरावैरा पळत असतात, कोणी लेझरकडे येतंय कोणी लांब जातंय, आणि लोकलचा भोंगा येताना चढा आणि जाताना उतरता ऐकू येतो तसा प्रत्येक अणूला लेझरचा रंग जरा वेगळा दिसतो. त्यामुळे ६ ची रेघ फुगून पाचशेच्या वर जाते. किती फुगणार ते अणूच्या वस्तुमानावर आणि तापमानावर ठरतं, आणि सूत्रात त्यांच्या सोबतीला के, म्हणजेच बोल्ट्झमनचा स्थिरांक, बसलेला असतो. रुंदीचा वर्ग करा, वस्तुमान घाला, तापमान घाला, के बाहेर. रुबिडियम ८५ ला (सेलमध्ये दोन समस्थानिकं आहेत, ८५ आणि ८७) ३०० केल्विनवर रुंदी ५१७ मेगाहर्ट्झ यायला पाहिजे.

केची किंमत १.३८०६४९ गुणिले दहाचा उणे तेविसावा घात, ज्यूल प्रति केल्विन. दरवेळी ते शेपूट लिहीत बसणार नाही, नुसतं १.३८ म्हणणार आहे.

पार्टनर म्हणाला, उत्तर माहितेय तर मोजायचं कशाला. बघू.

२१ जून, शुक्रवार

लेझर कपाटातून काढला. वर कोणीतरी पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी, "डायोड १८ अंशांवर ठेवा". ठेवला (डायोड म्हणजे लेझरची प्रकाश देणारी चिप). पंधरा मिनिटांत लेझरच्या खोक्याच्या आत सगळीकडे दव! लॅबमधले काका लांबूनच ओरडले, "अगं पोरी बंद कर, बंद कर, मागच्या वर्षी एक असाच गेला." एसीचं काम चालू आहे, बाहेर पाऊस धरलेला, अशा हवेत अठरा अंशांवरची कुठलीही वस्तू म्हणजे फ्रिजमधून काढलेली बाटली. चिठ्ठी लिहिणाऱ्याने बहुतेक जानेवारीत लिहिली असणार.

आता डायोड २८ अंशांवर. दहा अंश वाढवले की त्याचा रंग दोन-तीन नॅनोमीटर सरकतो, तो मग समोरच्या ग्रेटिंगने (बारीक रेघा कोरलेला आरसा) ओढून जागेवर आणायचा. मिलीमीटरला १८०० रेघांचं ग्रेटिंग आहे, ७८० साठी साधारण ४५ अंशांत बसतं. खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, चपलांच्या डब्यात मिळतात त्याच.

२२ जून, शनिवार

लॅमिंग्टन रोड. बीपीडब्ल्यू ३४ फोटोडायोड चार नग, ऑपअँप, बीएनसी केबल. दुकानदाराने विचारलं रिमोटसाठी पाहिजे का, मी हो म्हटलं, बोल्ट्झमन कुठे समजावत बसू. संध्याकाळी ब्रेडबोर्डवर सर्किट जोडलं, १ मेगाओहमचा रेझिस्टर, पाच मायक्रोवॅट प्रकाशाला अडीच व्होल्ट मिळतात. ट्यूबलाइट चालू असली की ऑसिलोस्कोपवर, म्हणजे स्कोपवर, शंभर हर्ट्झची लाट दिसते. फोटोडायोडवर काळ्या चार्ट पेपरची नळी लावली.

२५ जून, मंगळवार

दिसला!! ग्रेटिंगचा स्क्रू केसभर फिरवत होते, पार्टनर जुन्या वेबकॅमने सेलकडे बघत होता (डोळ्यांना ७८० जवळपास दिसतच नाही) आणि अचानक सेलच्या मधोमध पांढरी रेघ चमकून गेली. दोघंही ओरडलो, शेजारच्या लॅबमधून कोणीतरी बघायला आलं.

पिझोला (व्होल्टेज दिलं की ग्रेटिंग किंचित हलवणारा तुकडा) त्रिकोणी व्होल्टेज दिल्यावर लेझरचा रंग पुढेमागे सरकतो आणि अणूंनी प्रकाश खाल्ला तिथे स्कोपवर दोन खड्डे येतात, आधी रुबिडियम ८७ चा छोटा, मग ८५ चा मोठा. एकूण चार असतात पण आमचा लेझर ४ गिगाहर्ट्झच्या पुढे गेला की मोड बदलून भलत्याच रंगावर उडी मारतो, त्यामुळे दोनच. दोन पुरे.

मोठ्या खड्ड्याची रुंदी मोजून हिशोब केला. के आला २.३५. पार्टनर म्हणाला अभिनंदन, तू नवीन विश्व शोधलंस.

मॅडमना दाखवलं. चुकीच्या आकड्याबद्दल काहीच बोलल्या नाहीत. विचारलं, "मेगाहर्ट्झची पट्टी कुठून आणलीस?" मी म्हटलं, मॅडम, दोन खड्ड्यांमधलं अंतर पुस्तकात दिलंय, त्यावरून. "मग तू रुंदी नाही मोजलीस, पुस्तकातल्या आकड्याला एक गुणोत्तर लावलंस. स्वतःची पट्टी बनव."

१ जुलै, सोमवार

पट्टीचं नंतर, आधी २.३५ का आला ते सापडलं आणि स्वतःचीच लाज वाटली. खड्ड्याच्या तळाशी फक्त तीसेक टक्के प्रकाश पार होतो, म्हणजे वाफ चांगली दाट. अशा वेळी प्रकाश घातांकी पद्धतीने कमी होत असल्यामुळे खड्डा तळाशी चपटा होतो, आणि चपटा खड्डा अर्ध्या उंचीवर मोजला की जास्तच रुंद भरतो. आधी लॉग घ्यायचा, मग रुंदी. बारावीचं गणित. लॉग घेतल्यावर १.६३.

मग लेझरची पॉवर कमी केली. जास्त प्रकाश असला की अणू एका खालच्या पातळीतून उचलले जाऊन दुसरीत पडतात आणि तिथेच बसून राहतात, म्हणजे मधोमध शोषायला अणू कमी पडतात आणि परत खड्डा चपटा. फिल्टरवर फिल्टर लावत पाच मायक्रोवॅटवर आणलं. १.५९.

आतापर्यंतच्या सगळ्या चुका रुंदी वाढवणाऱ्याच निघाल्यात. एकही चूक कमी करायच्या बाजूला नाही. हे डोक्यात ठेवलं पाहिजे, कारण १.३८ च्या जवळ आलो की थांबायचा मोह होणार.

४ जुलै, गुरुवार

पट्टी बनवली. लेझरचा थोडा भाग फोडून मायकेलसन इंटरफेरोमीटरमध्ये टाकला, तिथे प्रकाश दोन हातांत विभागून आरशांवरून परत येतो आणि एकत्र होतो. एक हात १५ सेंटीमीटरचा, दुसरा ९०. फरक ७५. लेझरची वारंवारता सरकली की प्रकाश-अंधाराच्या फ्रिंज येतात, आणि दोन फ्रिंजमधलं अंतर म्हणजे प्रकाशाचा वेग भागिले फरकाची दुप्पट, जवळपास २०० मेगाहर्ट्झ. प्रकाशाचा वेग २९९७९२४५८ मीटर प्रति सेकंद, तो १९८३ पासून व्याख्येनेच पक्का, मीटरच त्याच्यावरून ठरतो. त्यामुळे माझ्या पट्टीत शंका फक्त ७५ सेंटीमीटरची, आणि ते मी हार्डवेअरच्या दुकानातल्या स्टीलच्या टेपने मोजले. एक मिलीमीटर इकडेतिकडे झालं तरी चूक ०.१३ टक्के, केमध्ये दुप्पट. लेझर, अणू, क्वांटम सगळं करून शेवटी सुताराची टेप! मला हे फार आवडलंय.

लगेच एक गोष्ट कळली, पिझो सरळ चालत नाही. स्कॅनच्या सुरुवातीच्या फ्रिंज लांब लांब, शेवटच्या जवळ जवळ, आठेक टक्क्यांचा फरक. पुस्तकातलं एक अंतर घेऊन हे कधीच दिसलं नसतं.

आणि दुसरी गोष्ट. हार्बर लाइन लॅबच्या खिडकीतून दिसते. गाडी गेली की फ्रिंज नाचतात. आरसा अर्धा तरंग, म्हणजे ३९० नॅनोमीटर हलला की एक अख्खी फ्रिंज सरकते, आणि बारा डब्यांच्या गाडीला टेबल तेवढं हलवणं काहीच नाही. टेबलाखाली स्कूटरच्या ट्यूब घातल्या, थोडा फरक पडला. रात्री शेवटची लोकल गेल्यावर डेटा घ्यावा म्हटलं तर आठनंतर लॅबमध्ये थांबायची परवानगी नाही, आणि मला तर घरूनही नाही.

८ जुलै, सोमवार

रात्री एक ते सकाळी सात काही ठिकाणी तीनशे मिलीमीटरच्या वर पाऊस. गाड्या बंद, कॉलेजला सुट्टी. घरी बसून वही काढली.

मी आतापर्यंत मोठ्या खड्ड्यावर एकच घंटेसारखा वक्र बसवत होते. पण ८५ चा हा खड्डा एक नाहीच, तीन आहेत, वरच्या पातळ्या तीन असल्यामुळे. त्या एकमेकींपासून १२०.६ आणि ६३.४ मेगाहर्ट्झ लांब, तीव्रता ८१ ला ३५ ला १०. पाचशेच्या फुगवट्यात तिघी मिसळून जातात म्हणून डोळ्याला एकच दिसतो, पण रुंदीत त्यांचं पसरणं आलंच. कागदावर काढलं तर फक्त एवढ्यानेच के नऊ टक्के जास्त येतो. दुपारी लाइट गेली, मग फोनच्या उजेडात. संध्याकाळी लाइट आल्यावर पायथनमध्ये तीन वक्र एकत्र बसवले, शेजारच्या ८७ चेही घेतले कारण त्याची शेपटी ह्याच्या अंगणात येते. १.४६.

खिडकीतून बघितलं तर सोसायटीच्या आवारात गुडघाभर पाणी, आणि मी खूश.

११ जुलै, गुरुवार

चहाच्या वेळी पार्टनरने वाचलेलं सांगितलं. सूक्ष्म संरचना स्थिरांक, विद्युतचुंबकीय बल किती जोरकस ते सांगणारा, तो १३७ वाला. अणूला फोटॉनची टिचकी मारायची, रुबिडियम असेल तर तो सेकंदाला सहा मिलीमीटरने मागे सरकतो, तो वेग लेझरने इतका बारीक मोजायचा की त्यातून अणूचं वस्तुमान आणि पुढे तो स्थिरांक निघतो. बर्कलीने २०१८ मध्ये सीझियम वापरून त्याचा व्यस्त १३७.०३५९९९०४६ काढला, पॅरिसने २०२० मध्ये रुबिडियमवरून १३७.०३५९९९२०६. शेवटच्या तीन आकड्यांत भांडण, पण दोघांनी सांगितलेली चूक अनुक्रमे २७ आणि ११, म्हणजे एकमेकांना शिवतही नाहीत. कुठेतरी काहीतरी राहिलंय, आणि अशा ठिकाणी जिथे लोक आयुष्यभर हेच करतात.

हे ऐकून १.४६ बद्दल जरा कमी वाईट वाटलं. कटिंग पार्टनरकडून.

१४ जुलै, रविवार

मेगाब्लॉक!!! हार्बरवर. आयुष्यात पहिल्यांदा मेगाब्लॉकची बातमी वाचून आनंद झाला. मॅडमची सही घेऊन ठेवली होती, काकांनी चावी दिली, वर म्हणाले "रविवारी येता म्हणजे खरंच मोजताय वाटतं." यायला बसने दीड तास लागला ते सोडा.

अकरानंतर फ्रिंज अशा स्थिर की मला वाटलं स्कोप हँग झालाय. साडेतीनशे स्कॅन घेतले. वडापाव लॅबच्या बाहेर खाल्ला (टेबलाजवळ खायचं नाही, आरशांवर बोटं लागतात, एकदा लागलीत). चार वाजून गेल्यावर पहिली गाडी गेली ती आधी फ्रिंजमध्ये दिसली, आवाज नंतर आला.

स्वतःच्या पट्टीने के १.४६. आकडा तोच, पण आता तो माझाय. स्कॅन-स्कॅनमधला फरकही निम्म्यावर आला.

१७ जुलै, बुधवार

आषाढी. कॉलेज बंद. साबुदाण्याची खिचडी खाल्ली, काही मोजलं नाही.

१९ जुलै, शुक्रवार

लॉग घ्यायचा तर शून्य कुठे आहे ते नक्की पाहिजे. लेझर झाकून जो व्होल्टेज येतो तो मी शून्य धरत होते. मॅडम म्हणाल्या, "लेझर झाकल्यावरचा अंधार आणि अणूंनी सगळं खाल्ल्यावरचा अंधार एकच असेल का? बघ." बघायचं कसं, तर सेल गरम करून वाफ इतकी दाट करायची की खड्ड्याच्या तळाशी काहीच पार होणार नाही.

हॉस्टेलवरच्या मैत्रिणीचा हेअर ड्रायर आणला. लांबून, हळूहळू, काच आहे. खड्डे खोल होत गेले, तळ सपाट झाला, आणि तिथे थांबले... पण शून्यावर नाही! तीन टक्के वरच. म्हणजे लेझरच्या डायोडमधून तीन टक्के प्रकाश असा येतोय जो भलत्याच रंगांचा आहे, अणूंना त्याचं काही देणंघेणं नाही, तो कितीही दाट वाफेतून सरळ निघून जातो. एवढे दिवस तो माझ्या प्रत्येक लॉगमध्ये बसला होता. वजा केल्यावर १.४२.

तीन टक्के रिकामा प्रकाश आणि केमध्ये पावणेतीन टक्क्यांचा फरक. ड्रायर अजून काही दिवस लागणार असं मैत्रिणीला कळवलं, तिने रागाची इमोजी पाठवली.

२३ जुलै, मंगळवार

सेमिनार. पंधरा मिनिटं नीट बोलले, मग मॅडमनी सगळ्यांसमोर विचारलं. "२० मे २०१९ पासून के हा १.३८०६४९ असा ठरवूनच टाकलाय. त्यात चूक शून्य. मग तू मोजतेस काय?" मी गप्प. पार्टनर छताकडे बघत होता. त्याने पहिल्याच दिवशी जवळपास हेच विचारलं होतं.

ट्रेनमध्ये दारात उभं राहून विचार केला. रेघेच्या रुंदीला के कळतच नाही. तिला फक्त के गुणिले तापमान कळतं, अणू किती ऊर्जेने धावतायत तेवढंच. २०१९ च्या आधी केल्विन पाण्याच्या त्रिबिंदूला (बर्फ, पाणी, वाफ तिन्ही एकत्र राहतात ते तापमान) बांधलेला होता, २७३.१६, त्यामुळे तापमान तिथून यायचं आणि उरलेला के मोजला जायचा. पॅरिसजवळ व्हिलतानूझला २००७ मध्ये अमोनियाच्या रेघेवर हेच केलं, बर्फ-पाण्यात सेल बुडवून. ऑस्ट्रेलियात २०१५ मध्ये सीझियमवर, दहा लाखात ७१ इतक्या चुकीपर्यंत. आता दोरी दुसऱ्या टोकाला बांधलीय, के पक्का, केल्विन त्याच्यावरून. मशीन तेच, फक्त आता त्याला थर्मामीटर म्हणायचं. म्हणजे माझा के १.४२ आला तर बोल्ट्झमनला काही होत नाही, माझ्या सेलचं तापमान मी चुकीचं लिहिलंय एवढाच त्याचा अर्थ होऊ शकतो, किंवा पट्टी, किंवा शून्य.

तापमान मी लिहिलं कुठून? भिंतीवरच्या थर्मामीटरवरून. एसी दुरुस्त झाल्यापासून २४.

कुर्ला आलेलं कळलंच नाही, पुढे गेले.

२४ जुलै, बुधवार

सेलच्या काचेला तीन ठिकाणी सेन्सर चिकटवले. २८.२, २८.९, २९.९. मागे लेझरचा कंट्रोलर आहे, त्याची गरम हवा सरळ सेलवर. भिंतीला एसीचा वारा, सेलला कंट्रोलरचा, आणि मी भिंतीचं तापमान लिहीत होते! २९७ च्या जागी ३०२ केल्विन घातल्यावर १.४२ चा १.४० झाला.

काकांनी सेलच्या माऊंटला हात लावून सांगितलं "तीस असेल". त्यांचा हात भिंतीपेक्षा भरवशाचा.

२६ जुलै, शुक्रवार

पॅरिसजवळच्या अमोनियावाल्यांसारखं बर्फात करून बघितलं. कॅन्टीनमधून बर्फ आणला, प्लास्टिकच्या डब्याला दोन्हीकडे भोकं पाडून सेल मधे, बाजूने बर्फ-पाणी. दोन प्रॉब्लेम. एक, शून्य अंशाला रुबिडियमची वाफ साधारण तीस पटीने कमी होते, खड्डा उरला चारेक टक्के. तेही चाललं असतं, उलट इतक्या विरळ वाफेत लॉगची कटकट जवळपास नाहीच. पण दुसरा, काचेच्या दोन्ही तोंडांवर पाच मिनिटांत दव, बीम धुरकट. पुसलं, परत आलं. पुसलं, परत. पार्टनर टिश्यू घेऊन उभाच. त्यांनी सेलभोवती निर्वात पोकळी वगैरे केली असणार, आमच्याकडे कॅन्टीनचा डबा.

बर्फ उरला त्याचं लिंबू सरबत.

४ ऑगस्ट, रविवार

परत ब्लॉक, परत आम्ही. कंट्रोलर टेबलाखाली हलवला, सेलभोवती थर्माकोल, आता तिन्ही सेन्सर अर्ध्या अंशात, सरासरी परत २९ च. बरोबर ३०२ केल्विन. पाचशे स्कॅन. दर शंभर स्कॅननंतर ड्रायरने शून्य तपासलं आणि सेल निवायला वीस मिनिटं थांबलो. शून्य दरवेळी थोडं वेगळं येतं, २.६, ३.१, २.९, डायोडचा मूड.

९ ऑगस्ट, शुक्रवार

रिपोर्टमध्ये १.३९१२ लिहून नेलं. मॅडमनी लाल पेनने शेवटचे दोन आकडे खोडले. के = १.३९, चूक ०.०३ इकडे किंवा तिकडे. चुकीत टेपचा वाटा सगळ्यात कमी, तापमानाचा त्यानंतर, सगळ्यात मोठा शून्याचा.

मग म्हणाल्या आता उलटं लिही. के १.३८०६४९ धरून तापमान काढ. काढलं, ३०४ केल्विन, साडेसहा इकडे किंवा तिकडे. म्हणजे सेल ३१ अंशांवर आहे, किंवा कदाचित २५ वर, किंवा ३७ वर. "लाखांचं सामान," मॅडम म्हणाल्या, "आणि काकांच्या हाताला हरवता आलं नाही तुला." पण हसत होत्या, आणि दोन्ही तक्ते रिपोर्टमध्ये ठेव म्हणाल्या.

डायोडच्या त्या रिकाम्या प्रकाशासाठी सेलच्या आधी एक ग्रेटिंग अजून लावलं तर तो बाजूला फेकता येईल. पुढच्या बॅचला सांगायचं. कपाटातली चिठ्ठी बदलली, आता त्यावर लिहिलंय: डायोड २८, पावसाळ्यात १८ नाही. सेल कापसात गुंडाळून आत ठेवला. ड्रायर उद्या परत द्यायचाय.